रुख्मिणीबाईंचा उजवा बूट

मित्रांनो, मी उजव्या पायाचा एक जुना बूट आहे. रंगाने करडा, कडेला निळी पट्टी. माझा जोडीदार डाव्या पायाचा. त्याने आयुष्यात कुणाचे काही बिघडवले नाही, त्यामुळे त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही. माझ्याजवळ आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण तुम्हाला सांगितलेच पाहिजे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तळ, कापड, नाडी असे एकेक जोडले जात आम्ही पट्ट्यावरून पुढे सरकत होतो. माझी पाळी आली तेव्हा शिवणयंत्राचा दोरा अडकला. कुणीतरी तो तोडला, वरून डिंकाचा थेंब टाकला आणि मला पुढे ढकलले. बाहेरून मी इतरांसारखाच देखणा होतो. आत मात्र, करंगळी टेकते त्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढी एक कडक गाठ राहून गेली. मला तिचे काहीच वाटले नाही. नवेपणाच्या आनंदात कोण आपल्या आत डोकावून पाहतो?

खोक्यात बसून मी बुलढाण्याच्या एका दुकानात आलो. एके दिवशी तिथे मनाली नावाची मुलगी आली. तिला कोर्टात टायपिस्टची नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून आईसाठी बूट घ्यायचे होते. तिने पर्समधून सुतळीचा एक तुकडा काढला. आईच्या जुन्या चपलेची लांबी तिने त्यावर मोजून आणली होती. दुकानदाराने सुतळी माझ्या तळावर धरली. टोकाला टोक जुळले. पायाची रुंदी काही सुतळीला सांगता येत नाही, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही.

एसटीने घाट उतरून, मलकापूरकडून आम्ही जळगाव जामोदला पोचलो आणि तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. तिथे मनालीची आई राहत होती. रुख्मिणीबाई. वय बावन्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या चौदा वर्षांपासून मुलांची खिचडी शिजवत होत्या. सकाळपासून चुलीपाशी उभे राहायचे, मोठे पातेले दोघींनी मिळून उतरवायचे, पंगतीत वाढायचे, असे त्यांचे काम. मनालीचे वडील गेल्यावर याच कामावर त्यांनी लेकीला शिकवले होते.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना साखरेचा आजार असल्याचे निघाले होते. सारखी तहान लागायची, दुपारी अंग गळून जायचे, सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितले. रुख्मिणीबाई घाबरल्या होत्या, आणि त्याला कारण होते. देऊळगाव राजाला राहणारे त्यांचे थोरले भाऊ सहदेव यांचा पाय याच आजारात गुडघ्यापासून काढावा लागला होता. पाय नसेल तर चुलीपाशी कोण उभे राहणार, हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता.

मनालीने खोके उघडले. रुख्मिणीबाईंनी मला हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले.

"बूट? मले? साडीवर?"

"आई, साडीकडे कोन पाहून राह्यलं? पाय पाह्य आपला. त्या फाटक्या चपलेत चालशीन तर पडशीन एखांद्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई हिरव्या साडीवर आम्हा दोघांना घालून अंगणात उभ्या राहिल्या. शेजारच्या बिस्मिल्लाबाई दात घासत ओट्यावर आल्या. त्या गावोगाव फिरून बांगड्या भरत. दोघींची वीस वर्षांची मैत्री.

"काय व रुख्मिणी," त्या म्हणाल्या, "पोलीस भरतीले चालली काय?"

"हाव. तू बी चाल."

बिस्मिल्लाबाई हसत हसत घरात गेल्या आणि पायात जुने सँडल चढवून खरोखरच निघाल्या. त्या दिवसापासून दोघी रोज सकाळी संत्र्याच्या बागांच्या कडेने जाणाऱ्या डांबरी सडकेने चालू लागल्या.

सुरुवातीचे दिवस फार उत्साहाचे होते. इतके, की उत्साहाने घात केला. कुणीतरी रुख्मिणीबाईंना सांगितले की उपाशीपोटी तासभर झपाझप चालले की साखर वितळून जाते. त्यांनी ते मनावर घेतले. एके दिवशी सकाळची गोळी घेतली, चहासुद्धा घेतला नाही, आणि मला घालून अशा सुटल्या की बिस्मिल्लाबाईंना गाठता येईना. नाल्यावरच्या छोट्या पुलापाशी त्यांची पावले अडखळू लागली. मला ते सर्वांत आधी कळले. मग हात थरथरले, कपाळावर गार घाम आला आणि बोलणे तुटक झाले.

बिस्मिल्लाबाईंनी त्यांना कठड्यावर बसवले. त्यांच्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या नेहमी असत, बांगड्या भरताना रडणाऱ्या लहान मुलींसाठी. त्यांनी चार गोळ्या रुख्मिणीबाईंच्या तोंडात घातल्या. "चाव. गिळू नको, चाव," असे त्या सांगत राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांनी रुख्मिणीबाईंची नजर ठिकाणावर आली.

त्याच दिवशी दोघी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात सुचिता सिस्टरकडे गेल्या. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले, की साखर कमी करणारी गोळी पोटात आहे, अन्न नाही आणि वरून एवढी मेहनत, म्हणून साखर एकदम खाली गेली. "काहीतरी खाऊनच निघायचे. आधी दहा मिनिटे चाला, पुढच्या आठवड्यात पंधरा. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले की वेग कमी करायचा. आणि या बिस्मिल्लाबाईंच्या गोळ्या आता तुमच्या कमरेच्या पिशवीतही ठेवा."

मग चालण्याला शिस्त आली. सकाळी अर्धी भाकर खाऊन दोघी निघत. गप्पा मारत जात, गप्पा मारत येत. दहाची पंधरा मिनिटे झाली, पंधराचा अर्धा तास झाला. तीन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा सुचिता सिस्टर आकडा पाहून म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्या पायांचे काम आहे." रुख्मिणीबाईंनी खाली वाकून माझ्यावरची धूळ पदराने पुसली. शाळेतली मुले खिचडीच्या रांगेत उभी राहून "मावशीचे बूट, मावशीचे बूट" म्हणत. मला त्या दिवसांत फार अभिमान वाटायचा. या बाईला मीच बरे करत आहे, असे मला वाटत होते.

मित्रांनो, त्याच वेळी मी त्यांना इजा करत होतो.

चालणे वाढले तसा त्यांचा रुंद पाय माझ्यात दाटू लागला. प्रत्येक पावलाला करंगळी माझ्या आतल्या त्या गाठीवर घासायची. दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी टोचले असते आणि त्याने मला काढून आपटले असते. रुख्मिणीबाईंना काही कळत नव्हते. पूर्वी त्यांच्या तळपायांना मुंग्या येत, त्या थांबल्या म्हणून त्या खूश होत्या. खरे म्हणजे आजार कळायच्या कितीतरी आधीपासून साखरेने त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू मंद केली होती. पाय दुखत होता, पण दुखल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

मला मात्र सगळे कळत होते. आधी कातडी गरम झाली. मग फोड आला. एका सकाळी तो फुटला आणि मोज्यातून ओल माझ्या कापडात उतरली. मला तोंड असते तर मी त्या सडकेवर ओरडलो असतो. बूट कसा ओरडणार? मी चालत राहिलो.

त्या दिवशी बिस्मिल्लाबाईंच्या ओट्यावर रुख्मिणीबाईंनी मला काढले, तेव्हा मोज्यावरचा डाग बिस्मिल्लाबाईंना दिसला.

"हे काय व? रगत आहे हे."

"कुठं?" रुख्मिणीबाईंनी पाय वळवून पाहिला. करंगळीच्या कडेला रुपयाच्या निम्म्याएवढी जखम होती. "अगं बाई. मले त दुखलं बी नाही."

"सिस्टरकडे चाल."

"हळद लावते न. दोन दिवसांत सुकते." मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "सिस्टरले सांगू नको. आन मनालीले त बिलकुल नको. चालनं बंद करतीन माह्यं. आता कुठं शुगर उतरून राह्यली."

बिस्मिल्लाबाईंनी मान डोलावली, पण त्यांना ते पटले नव्हते.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. रोज हळद, रोज चिंधी, आणि चिंधी बांधलेला पाय पुन्हा माझ्यातच. चिंधीमुळे जागा आणखी कमी झाली. सकाळी सडक, मग चुलीपाशी चार तास. मला एक वाईट वास येऊ लागला. नवव्या दिवशी रुख्मिणीबाई शाळेतून थरथरत घरी आल्या. अंगात ताप होता. पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता. बिस्मिल्लाबाईंनी एकदा तो पाय पाहिला आणि मनालीला फोन लावला.

"मनाली, मी तुह्या आईची कसम मोडून राह्यली. आजच्या आज ये."

मनाली आली तेव्हा सुजलेला पाय माझ्यात मावत नव्हता. परत येताना लागतील म्हणून तिने आम्हा दोघांना पिशवीत घातले. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जे घडले ते मी पाहिले.

डॉक्टरांनी पायाचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून घेतला आणि जखम साफ केली. मग त्यांनी प्लास्टिकच्या बारीक तारेसारखी एक काडी घेतली. "मावशी, डोळे मिटा. ही काडी पायाला लागली की 'हो' म्हणा."

रुख्मिणीबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी काडी अंगठ्याला टेकवली. मग टाचेला, मग बोटांखाली. त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, कधी सुरू करता?"

मनालीने तोंडावर हात ठेवला. रुख्मिणीबाईंनी डोळे उघडले. काडी त्यांच्या तळपायावर टेकलेलीच होती. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

"माह्या भावाले असंच झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "काढा लागते काय बोट?"

"फोटोत जखम हाडापर्यंत गेलेली दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध सुरू करू. आणखी आठ दिवस घरी काढले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. चालताना कोणते बूट घालत होता?"

मनालीने मला पिशवीतून काढून दिले. डॉक्टरांनी हात माझ्यात घातला आणि बोट आतल्या शिवणीवरून फिरवत नेले. करंगळीच्या जागी ते थांबले. त्यांनी मनालीचा हात धरून तिचे बोट तिथे टेकवले.

मनालीचे डोळे भरून आले. "मीच आनले हे. सुतळीनं मोजून."

"रडू नको," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "याच बुटानं शुगर बी उतरली माह्यी. तू आनले नसते त मी चाललीच नसती. पाह्याचं काम माह्यं होतं. मी एक दिवस बी आत हात घालून पाह्यला नाही, आन जखम दिसली तवा लपवली."

मला त्या वेळी काय वाटले ते सांगता येत नाही. मला दोष द्यायचा पूर्ण हक्क असलेल्या बाईने माझी बाजू घेतली होती.

डॉक्टरांनी सांगितले, सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. रुख्मिणीबाईंचा चेहरा उतरला. "मंग शुगर? चालनं बंद म्हंजे पुन्हा वरच जाईन ते."

"चालणे बंद. व्यायाम बंद नाही. ताप उतरून साखर जागेवर आली की खुर्चीत बसून सुरू करा. सिस्टर दाखवतील."

पहिला आठवडा पलंगावर गेला. शाळेत आशाबाई नावाच्या दुसऱ्या बाई खिचडी शिजवू लागल्या. आपली जागा गेली, असे रुख्मिणीबाईंनी मनात धरले आणि त्यांचे जेवण कमी झाले. मी दाराआड पडून होतो. एका दुपारी आशाबाई स्वतःच आल्या. "मावशी, पोट्टे म्हनतात खिचडी तुमच्यासारखी होत नाही. किती मीठ टाकता ते सांगा, आन लवकर या. मले माह्या वावरातली कामं आहेत." रुख्मिणीबाईंनी मीठ सांगितले, हळद सांगितली, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

दुसऱ्या आठवड्यात सुचिता सिस्टरनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दिल्या. बाटल्या खांद्यापर्यंत उचलायच्या, डोक्यावर न्यायच्या, हळूहळू खाली आणायच्या. श्वास रोखून धरायचा नाही. मग डावा पाय सरळ करून वर उचलायचा. उजव्याला विश्रांती. आधी साखर तपासायची, काहीतरी खाल्लेले असायचे, लिमलेटच्या गोळ्या जवळ ठेवायच्या. बिस्मिल्लाबाईही समोर दुसरी खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी हात वर केले की मनगटातल्या बांगड्या खळकन खाली घसरत. रुख्मिणीबाई त्या आवाजावर मोजत. पहिल्या दिवशी आठ झाले, पाचव्या आठवड्यात तीन वेळा बारा.

जखम सहाऐवजी आठ आठवड्यांनी भरली. करंगळीचे नख गेले, करंगळी राहिली. साखर वर गेली नव्हती. उलट पातेले उचलायला दंडात पूर्वीपेक्षा जास्त जोर आला होता.

मग नव्या बुटांचा प्रश्न आला. जळगाव जामोदला बिस्मिल्लाबाईंचे भाऊ शकूरभाई यांचे चपला-बुटांचे दुकान होते. मनाली सकाळीच जाऊन आणते म्हणाली, तर शकूरभाईंनी फोनवरच नकार दिला. "पायाशिवाय जोडा देत नाही मी. आन बाईले संध्याकाळी घेऊन ये. दिवसभरात पाय फुगते. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावते."

संध्याकाळी त्यांनी रुख्मिणीबाईंना पुठ्ठ्यावर उभे केले आणि दोन्ही पायांची कड पेन्सिलीने आखली. मग मला त्या आकृतीवर ठेवले. दोन्ही बाजूंनी पाय माझ्याबाहेर उरत होता. शकूरभाईंनी बोटांपाशी रुंद, मऊ काळा जोड काढला, आत हात घालून सगळीकडून चाचपला, रुख्मिणीबाईंनाही चाचपायला लावले, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते की नाही ते पाहिले. "पहिल्या दिवशी अर्धाच तास घालजा घरातल्या घरात. काढल्यावर पाय पाह्यजा. लाल दिसला त परत आना, मी बदलून देतो."

मला वाईट वाटले का? थोडे वाटले. पण तो काळा बूट त्या पायावर सैल आणि शांत बसला होता, आणि पाय जपायचे काम आता त्याच्याकडे गेले, याने माझा जीव हलकाही झाला. मनाली मला कचऱ्यात टाकायला निघाली. रुख्मिणीबाईंनी माझी नाडी धरली. "राहू दे. याचं काम आहे मले."

ते काम मला महिन्याभराने कळले. शाळेच्या व्हरांड्यात सुचिता सिस्टरनी साखर तपासणीचे शिबिर घेतले होते. चाळीसेक माणसे सतरंजीवर बसली होती. रुख्मिणीबाईंनी मला पिशवीतून काढले आणि उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या.

"मी डॉक्टर नाही. मी तुमच्या लेकरांची खिचडी शिजवते. चाला, सगळ्यायनं चाला, त्यानं मले फायदा झाला. पन हा बूट पाहा." त्यांनी मला पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिले. "आत हात घाला. करंगळीपाशी."

मी हातोहात फिरलो. एकेक बोट माझ्या आत येई, थांबे, आणि माणूस मान वर करून रुख्मिणीबाईंकडे पाही. "हे मले तीन महिने टोचलं," त्या म्हणाल्या, "आन मले मालूमच पडलं नाही. आता मी रोज पाय धुते, पुसते, खालून आरसा धरून पाह्यते. घरात बी अनवानी फिरत नाही."

शेवटी मी माणिकरावांच्या हातात आलो. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दहा वर्षांपासून त्यांना साखर होती आणि रोज पाच किलोमीटर चालतो, हे ते सगळ्यांना अभिमानाने सांगत. त्यांनी माझ्यात हात घातला, बाहेर काढला, आणि मला मांडीवर ठेवून आपल्या पायातल्या चपलेकडे पाहिले.

"चार दिवसांपासून," ते म्हणाले, "माही चप्पल एका बाजूनं उंच वाटून राह्यली. म्या म्हटलं, तळ वाकला असंन."

सुचिता सिस्टरनी त्यांचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. टाचेच्या बाजूला बाभळीचा काटा शिरला होता, जवळपास पूर्ण आत. भोवतीची कातडी नुकतीच लाल व्हायला लागली होती. माणिकरावांनी तो काटा पाहिला आणि म्हणाले, "आन मी याच्यावर वीस किलोमीटर चाललो."

सिस्टरनी त्यांना त्याच दुपारी तालुक्याला पाठवले. काटा निघाला. दहा दिवसांत टाच भरली, आणि तोवर माणिकराव रुख्मिणीबाईंच्या अंगणात तिसऱ्या खुर्चीवर बसून बाटल्या उचलत होते.

आता मी उपकेंद्रात सिस्टरच्या टेबलावर असतो. साखरेचा नवा रुग्ण आला की सिस्टर आधी त्याचा हात माझ्यात घालायला लावतात. रुख्मिणीबाई रोज सकाळी काळे बूट घालून समोरच्या सडकेने जातात. आता बरोबर सहा-सात बायका असतात. त्यांच्या गप्पा टेबलापर्यंत ऐकू येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजी, आजोबा, काका, मावशी अशा कुणाला हा आजार असेल. त्यांना चालू द्या, चालायला लावा, त्यांच्याबरोबर चाला. खाऊन निघालात का, खिशात गोड गोळी आहे का, हे विचारा. त्यांच्या बुटात त्यांच्याआधी तुमचा हात जाऊ द्या. तुमच्या बोटांना जे टोचेल ते त्यांच्या पायांना कदाचित कळणार नाही. आणि त्यांच्या पायाचा तळ तुम्ही शेवटचा कधी पाहिला, ते आठवून बघा. आठवत नसेल, तर आज संध्याकाळी ते पाय धुतील तेव्हा टॉवेल घेऊन जवळ बसा.